शिक्षिकेचा फोन नंबर

गेल्या महिन्यात एका चॅट अ‍ॅपकडे मी माझ्याच खात्याची माहिती मागितली. सेटिंग्जमध्ये तशी सोय असते. मागणी नोंदवली की काही दिवसांनी एक फाइल मिळते. आपले जुने संदेश त्यात वाचायला मिळतील अशा समजुतीने मी ती उघडली, तर संदेश एकही नव्हता. माझ्या फोनचे मॉडेल होते, शेवटचा आयपी पत्ता (इंटरनेटवर फोन ओळखणारा क्रमांक) होता, मी ज्या ज्या गटांत आहे त्यांची नावे होती आणि त्याखाली, बोटाने सरकवून सरकवून कंटाळा यावा एवढी, माझ्या फोनमधल्या क्रमांकांची यादी होती. त्यात वारलेल्या एका काकांचा क्रमांक होता आणि ज्यांनी असले कुठलेही अ‍ॅप कधी हाताळलेले नाही, अशा माझ्या जुन्या शिक्षिकेचाही होता.

बाईंना कोणी विचारले होते? पहिल्या दिवशी संपर्कयादीची परवानगी मागणाऱ्या चौकटीवर बोट टेकवले, तेव्हा ओळखीच्या सगळ्यांच्या वतीने मीच होकार देऊन मोकळा झालो होतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपला २२.५ कोटी युरोंचा दंड ठोठावला, त्याच्या कारणांमध्ये हीही बाब होती: अ‍ॅप न वापरणाऱ्यांच्या क्रमांकांचे काय केले जाते, हे त्या लोकांना नीट कळवलेले नव्हते.

हा विषय काढला की हमखास उत्तर मिळते, की संदेश तर एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेले, असतात. ते खरेच आहे, आणि ती लहानसहान गोष्ट नाही. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सिग्नल या दुसऱ्या चॅट अ‍ॅपच्या कुलूपपद्धतीच्या, म्हणजे सिग्नल प्रोटोकॉलच्या, आधारे सर्व संदेशांना हे संरक्षण दिले, त्यामुळे वाटेत मजकूर कोणालाही, अगदी कंपनीलाही, वाचता येत नाही. (टेलिग्रामवरचे साधे चॅट मात्र असे नसतात, तिथे त्यासाठी वेगळे ‘सीक्रेट चॅट’ सुरू करावे लागते, हे ते वापरणाऱ्या कितीतरी जणांच्या गावीही नसते.) परंतु कुलूप मजकुराला असते. कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा आणि कुठून बोलले, या नोंदींना, म्हणजे मेटाडेटाला, ते लागू होत नाही. समजा, एखादा कर्मचारी दोन आठवडे रोज रात्री प्रतिस्पर्धी कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्याशी बोलतो, मग एका सकाळी स्वतःच्या कार्यालयाच्या गटात सूचना येऊनही दिवसभर त्या उघडत नाही. त्याच्या राजीनाम्याचा अंदाज बांधायला एकही शब्द वाचण्याची गरज पडत नाही. अमेरिकेच्या एनएसए आणि सीआयए या दोन्ही गुप्तचर संस्थांचे प्रमुखपद भूषवलेले मायकेल हेडन २०१४ मध्ये जाहीर चर्चेत म्हणाले होते, की आम्ही मेटाडेटाच्या आधारे माणसे मारतो. एवढी स्पष्ट कबुली मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेली नाही.

म्हणून गोपनीयतेच्या धोरणात काय काय लिहिले आहे, यापेक्षा मुळात साठवले काय जाते, हे मला महत्त्वाचे वाटते. धोरण बदलता येते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) आदेशावरून सिग्नलला एका खात्याची माहिती द्यावी लागली, तेव्हा त्यांच्यापाशी देण्याजोग्या दोनच गोष्टी निघाल्या: खाते कधी उघडले आणि सर्व्हरशी शेवटचा संपर्क कधी झाला. बाकीचे त्यांनी कधी ठेवलेच नव्हते.

आपल्या बाजूने करण्यासारखे थोडेफार असते. बॅकअप एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये दिला, तो मी चालू केला. अर्थात समोरच्याने केला नसेल, तर माझे तेच संदेश त्याच्या क्लाउडवर त्या संरक्षणाविना पडून राहतात. संपर्कयादीची परवानगीही काढून घेतली. आता काही जुन्या गटांत नावांऐवजी नुसते आकडे दिसतात आणि कोण बोलते आहे हे ओळखताना माझी तारांबळ उडते. बाईंचा क्रमांक फोनमधून पुसून वहीत उतरवून ठेवला. आमच्या वर्गातल्या निदान वीस जणांच्या फोनमध्ये तो अजून आहे.