विंडोजवर व्हिम सोर्सपासून बिल्ड करण्याचा माझा अनुभव

व्हिम या टेक्स्ट एडिटरचा बिल्ड करणं, म्हणजे त्याच्या मूळ कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं, तसं सोपं आहे. सी भाषेतला कोड, बाहेरच्या लायब्रऱ्यांची सक्ती नाही आणि विंडोजसाठी वेगळ्या मेकफाइल्स (बिल्डच्या सूचनांच्या फाइल्स) सोबतच येतात. प्रत्यक्ष कंपाइल व्हायला काही मिनिटं पुरतात. अडतं ते आजूबाजूच्या जुळवणीत, आणि तिथे येणारा एरर बहुतेक वेळा मूळ कारणापासून लांबच बोट दाखवतो.

कंपायलरसाठी मायक्रोसॉफ्टचा पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओ लागत नाही. त्याचे बिल्ड टूल्स वेगळे मिळतात. ते टाकताना सी++ डेस्कटॉप डेव्हलपमेंटचा गट निवडायचा आणि विंडोज एसडीकेवर (विंडोजच्या हेडर फाइल्स आणि लायब्रऱ्यांच्या संचावर) खूण आहे ना, ते बघायचं. हे काही जीबी घेतं, त्यामुळे सी ड्राइव्हवर जागा आधीच मोकळी करून ठेवलेली बरी. त्यानंतर स्टार्ट मेनूत 'एक्स६४ नेटिव्ह टूल्स कमांड प्रॉम्प्ट' दिसतो. बिल्ड त्यातच करायचा. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनमेक (मेकफाइल चालवणारं टूल) किंवा सीएल (कंपायलर) सापडतच नाहीत, आणि पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) हाताने जोडून सीएल चालवलं तरी पुढे विंडोजच्या हेडर फाइल्स मिळत नाहीत, कारण इन्क्लूड आणि लिब हे व्हेरिएबल तो खास प्रॉम्प्टच भरतो. शेजारीच एक्स८६ चा प्रॉम्प्ट असतो. घाईत तो उघडला तर बिल्ड पार पडतो, पण ३२-बिटचा. त्याचा त्रास व्हिममधून पायथन भाषेतला कोड चालवण्यासाठी पायथन जोडल्यावर कळतो.

कोड गिटने (कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या टूलने) घेताना डेप्थ १, म्हणजे फक्त शेवटची स्थिती, द्यावी, नाहीतर अनेक वर्षांचा इतिहास उतरत बसतो. व्हिममध्ये प्रत्येक पॅचला (छोट्या बदलाला) स्वतःचा टॅग, म्हणजे खुणेचं नाव, असतो, म्हणून ब्रँचच्या जागी टॅगचं नाव देऊन नेमका हवा तो पॅच घेता येतो. मी मास्टर या मुख्य ब्रँचच्या टोकापेक्षा टॅगच पसंत करतो. काही बिघडलं तर कुठून तुलना सुरू करायची हे माहीत असतं. फोल्डर सी ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या इंग्रजी नावाचा आणि स्पेस नसलेला ठेवावा.

पुढचं सगळं एसआरसी फोल्डरमध्ये. एनमेकला मेक_एमव्हीसी.मॅक ही फाइल द्यायची आणि त्याच ओळीत पर्याय लिहायचे. माझे नेहमीचे म्हणजे फीचर्स=ह्यूज, जीयूआय=यस, डायरेक्टएक्स=यस आणि व्हिमडीएलएल=यस. शेवटचा पर्याय फार उपयोगाचा आहे. तो नसेल तर जीव्हिम (स्वतःच्या खिडकीत उघडणारा व्हिम) आणि टर्मिनलमधला व्हिम यांसाठी दोनदा बिल्ड करावा लागतो. तो दिला की मूळ कोड व्हिम६४.डीएलएल या सामाईक लायब्ररी फाइलमध्ये जातो आणि दोन्ही ईएक्सई एकदम तयार होतात. मात्र कॉपी करताना ती डीएलएल मागे राहिली तर दोन्ही चालत नाहीत. डायरेक्टएक्समुळे अक्षरांच्या कडा गुळगुळीत होतात, पण व्हीआयएमआरसीत (व्हिमच्या सेटिंगच्या फाइलीत) रेंडरऑप्शन्स ठेवला तरच. देवनागरीतली जोडाक्षरं त्याने सुधारतील अशी आशा नको. व्हिमचा पडदा ठरावीक रुंदीच्या चौकटींचा आहे, आणि ती मर्यादा बिल्डच्या पर्यायाने जात नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो पायथन. तीन पर्याय एकत्र द्यावे लागतात: पायथन३ ला इन्स्टॉलेशनचा फोल्डर, डायनॅमिक_पायथन३=यस, आणि पायथन३_व्हर ला आवृत्ती, म्हणजे ३.१२ साठी ३१२, मधला टिंब गाळून. त्या फोल्डरात हेडर फाइल्सचा इन्क्लूड फोल्डर असायलाच हवा. पायथनची झिपमधली एम्बेडेबल आवृत्ती घेतली तर हेडर फाइल्स नसतात आणि फाइल उघडता आली नाही असं सांगणारा सी१०८३ हा एरर येतो. पूर्ण इन्स्टॉलरच वापरावा. डायनॅमिक म्हणजे पायथनची डीएलएल व्हिम चालू असताना, गरज पडेल तेव्हा लोड होते. म्हणूनच बिल्ड यशस्वी होणं आणि पायथन चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिमच्या व्हर्जन कमांडच्या यादीत अधिक चिन्हासह पायथन३ दिसतं, आपण निर्धास्त होतो, आणि पहिल्याच कमांडला ई३७० येतो, लायब्ररी लोड करता आली नाही म्हणून. कारण बहुधा दोनांपैकी एक. ३२-बिट व्हिम आणि ६४-बिट पायथन यांची जोडी, किंवा पाथमध्ये नसलेली डीएलएल. यादीवर विसंबू नये. व्हिमच्या हॅज फंक्शनला पायथन३ आहे का ते विचारावं. ते डीएलएल खरोखर लोड करून बघतं आणि जमलं नाही तर शून्य देतं. पाथला हात लावायचा नसेल तर पायथनथ्रीडीएलएल या सेटिंगमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता देता येतो.

पर्याय बदलून पुन्हा बिल्ड करताना आधी क्लीन, म्हणजे जुन्या बिल्डच्या फाइल्स पुसायच्या. इथे एक खोच आहे. एमएसव्हीसीच्या (मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरच्या) मेकफाइलमध्ये ऑब्जेक्ट फाइल्सच्या, म्हणजे कंपाइल झालेल्या तुकड्यांच्या, फोल्डरचं नाव दिलेल्या पर्यायांवरून ठरतं. त्यामुळे नुसतं क्लीन म्हटलं तर भलताच फोल्डर पुसला जातो आणि जुना तसाच राहतो. ज्या पर्यायांनी बिल्ड केला तेच क्लीनच्या ओळीतही द्यायचे. लिंकच्या टप्प्यावर (तुकडे जोडून ईएक्सई करताना) एलएनके११०४ हा एरर आला तर कोडमध्ये दोष शोधू नका. एसआरसीमधलाच जीव्हिम कुठेतरी उघडा असतो, त्यामुळे त्याच्यावर नवी फाइल लिहिता येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरऐवजी एमएसवायएस२ या टूलसंचातलं जीसीसी हे कंपायलर वापरायचं असेल तर मेक_मिंग.मॅक ही मेकफाइल घ्यायची. तो मार्गही चांगला चालतो आणि '-j' या पर्यायाने प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लागतात. पण डायरेक्टएक्सचा भाग सी++ मध्ये आहे, म्हणून तयार ईएक्सई एमएसवायएसच्या बाहेर उघडल्यावर लिबएसटीडीसी++ या सी++ च्या लायब्ररीची डीएलएल मागू शकते. स्टॅटिक_एसटीडीसीप्लस=यस दिलं की ती गरज संपते.

बिल्ड झाल्यावर व्हिम तिथेच चालवला आणि डिफॉल्ट्स.व्हिम मिळालं नाही असं सांगणारा ई११८७ आला, तर त्याला रनटाइम फोल्डर सापडलेला नाही. तात्पुरतं व्हिमरनटाइम हे व्हेरिएबल गिटने घेतलेल्या फोल्डरातल्या रनटाइमकडे वळवावं. कायमच्या मांडणीसाठी व्हिम नावाच्या फोल्डरात, ९.१ आवृत्ती असेल तर, व्हिम९१ फोल्डर करायचा. त्यात रनटाइममधलं सगळं, दोन्ही ईएक्सई, डीएलएल, व्हिमरन व एक्सएक्सडी हे सोबतचे छोटे प्रोग्रॅम आणि इन्स्टॉल व अनइन्स्टॉलचे ईएक्सई टाकायचे आणि इन्स्टॉल तिथून चालवायचं. फोल्डरचं नाव आवृत्तीशी जुळलं नाही तर तो प्रोग्रॅम पुढे जात नाही.

ईएक्सई दुसऱ्याला देणार असाल तर आधी व्हर्जन कमांडमधली 'कंपाइल्ड बाय' ही ओळ वाचा. तिथे तुमचं विंडोजचं युजरनेम आणि मशीनचं किंवा डोमेनचं नाव उमटलेलं असतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे नको असतं. यूजरनेम आणि यूजरडोमेन ही दोन्ही मूल्यं एनमेकच्या ओळीत हवी ती देता येतात.

उजव्या क्लिकच्या मेनूत व्हिम आणणारी जीव्हिमएक्स्ट.डीएलएल ही एक्सप्लोररच लोड करतो. म्हणून ती विंडोजच्या बिटशी जुळणारी लागते, आणि नवी आवृत्ती टाकताना 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं. पुसता येत नसली तरी तिचं नाव बदलता येतं. जुनीला दुसरं नाव द्यायचं, नवी शेजारी ठेवायची आणि रीस्टार्टनंतर जुनी काढून टाकायची.