आमची वाटचाल : आपल्या नावाचे पत्र ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत

वडिलांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एका लेथवर काम सुरू केले, तेव्हा गिऱ्हाइकाशी होणारा सारा व्यवहार तोंडी चाले आणि दर वहीत लिहून ठेवले जात. आज शिरोली औद्योगिक वसाहतीत आम्ही आसपासच्या फाउंड्र्यांतून येणाऱ्या कास्टिंगचे मशीनिंग करतो आणि पुणे, होसूर, राजकोट इथल्या ग्राहकांची ड्रॉइंग, एन्क्वायरी, पीओ (खरेदीचे आदेश) आणि बिले यांची ये-जा ईमेलने होते. यंत्रे कशी घेतली, कर्ज कसे फेडले, याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु ज्या एका अडचणीने आम्हाला सर्वांत जास्त काळ अंधारात ठेवले, ती म्हणजे आम्ही पाठवलेले ईमेल ग्राहकाच्या स्पॅम फोल्डरमध्ये जात राहणे, आणि आज मी तिच्याविषयीच लिहीत आहे.

सुरुवातीला आमचा पत्ता मोफत मिळणारा, साधा होता. पुढे एका मोठ्या ग्राहकाच्या व्हेंडर रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे @ या खुणेपुढे कंपनीचेच नाव असलेला, ईमेल मागितला गेला, म्हणून आम्ही कारखान्याच्या नावाचे डोमेन घेतले आणि वेबसाइट बनवून देणाऱ्यानेच वेबसाइटच्या होस्टिंगवर, म्हणजे ती ठेवलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर, चार ईमेल खाती उघडून दिली. आपल्या नावाचा पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापून आला, त्या दिवशी वडिलांना झालेला आनंद माझ्या लक्षात आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी पुण्याच्या एका ग्राहकाकडून पंप बॉडीच्या मशीनिंगची एन्क्वायरी आली. सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) काढून, फिक्स्चरचा (काम यंत्रावर पकडून ठेवणाऱ्या साधनाचा) खर्च वेगळा दाखवून, तिसऱ्या दिवशी मी कोटेशन पाठवले. दहा दिवस उत्तर आले नाही. शेवटी फोन केला तेव्हा परचेसचे साहेब म्हणाले, "तुमचे कोटेशन आमच्याकडे आलेच नाही, आम्ही काम दुसरीकडे दिले." माझ्या विनंतीवरून त्यांनी शोधले, तेव्हा ते स्पॅममध्ये पडलेले सापडले. पत्ता चुकला असता तर ईमेल परत आला असता आणि मला कळले असते. इथे काहीच परत येत नाही. पाठवणाऱ्याला वाटते पोहोचले, घेणाऱ्याला वाटते यांनी दरच दिला नाही. त्याआधीच्या महिन्यांत अशी किती कोटेशने गेली असतील, याचा हिशेब मला आजही लावता आलेला नाही.

मग मी या विषयाच्या मुळाशी जायचे ठरवले. ईमेल वाहून नेण्याचा एसएमटीपी हा नियम १९८२ मध्ये लिहिला गेला आणि त्यात पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे तपासण्याची सोयच नव्हती. पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, अशी ती व्यवस्था होती. पुढे बनावट पत्रांचा सुळसुळाट झाला तेव्हा तिच्यावर एकेक तपासणी चढवली गेली: एसपीएफ, डीकेआयएम आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले डीमार्क. या तिन्हींच्या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवर कोणालाही वाचता येणाऱ्या डोमेनच्या नोंदवहीत, साध्या मजकुराच्या रूपाने ठेवायच्या असतात आणि पत्र घेणारा सर्व्हर त्या वाचून निर्णय घेतो.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे ग्राहकाच्या गेटवरून लवकर समजेल. आमचा माल कोणकोणते टेम्पो आणतील, याची यादी गेटवर देऊन ठेवणे म्हणजे एसपीएफ. पेटीला आमचे सील असणे आणि वाटेत ते तुटलेले नसणे म्हणजे डीकेआयएम. यादीही जुळली नाही आणि सीलही जुळले नाही तर माल आत घ्यावा, बाजूला ठेवावा की परत पाठवावा, याविषयी आम्हीच गेटवर देऊन ठेवलेली सूचना म्हणजे डीमार्क. होस्टिंगवाल्याने घातलेली एसपीएफची एक ओळ सोडली, तर आमच्या डोमेनला यापैकी काहीच नव्हते. मी स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर एक ईमेल पाठवला आणि मूळ संदेश उघडून वरच्या ओळी वाचल्या, तेव्हा तिथे हे स्पष्ट दिसत होते. शिवाय आमचे होस्टिंग सामायिक होते, म्हणजे एकाच सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यावरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावरून) कितीतरी अनोळखी वेबसाइटींचे ईमेल जात होते, आणि त्यांच्यातल्या कोणीतरी केलेल्या उपद्रवामुळे तो आयपी पत्ता काळ्या यादीत गेलेला होता. शेजाऱ्याच्या वागणुकीची शिक्षा आम्हाला मिळत होती.

त्या काळात एका नातेवाईक इंजिनिअरने स्वतःचा मेल सर्व्हर भाड्याने घेऊन चालवण्याचा सल्ला दिला होता. मी तो विचारपूर्वक नाकारला. कित्येक क्लाउड कंपन्या नव्या ग्राहकाला २५ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे ईमेल जाण्याची वाट, उघडून देत नाहीत, आयपी पत्त्यावरून नाव शोधता यावे अशी उलटी नोंद करून घ्यावी लागते, आणि नव्या आयपी पत्त्याची पत हळूहळू कमवावी लागते. दिवसाला तीस-चाळीस ईमेल पाठवणाऱ्या कारखान्याने हे ओझे घेऊ नये, असे माझे आजही मत आहे. आम्ही पैसे मोजून एक व्यावसायिक मेल सेवा घेतली.

इथे आमच्या हातून पहिली मोठी चूक झाली. नव्या सेवेने दिलेली एसपीएफची ओळ मी डीएनएसमध्ये घातली, पण होस्टिंगवाल्याची जुनी ओळ काढली नाही. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी लागते. दोन असल्या तर दोन्ही मिळून तपासणी निकामी ठरते. त्यामुळे दुरुस्ती केल्यानंतर आमची स्थिती आधीपेक्षा वाईट झाली आणि तीन आठवडे मला कारण कळेना. एकाच ओळीत दोन्ही सेवांची नावे घातल्यावर ती अडचण सुटली. त्या ओळीतल्या सेवांची नावे उलगडण्यासाठी घेणाऱ्या सर्व्हरला डीएनएसमध्ये जास्तीत जास्त दहा शोध घेण्याची मुभा असते, हेही तेव्हाच समजले. म्हणून जी सेवा आपण वापरत नाही, तिचे नाव त्या यादीत ठेवू नये.

डीकेआयएमने वेगळाच त्रास दिला. सील तपासण्यासाठी डीएनएसमध्ये ठेवायची २०४८ बिटची किल्ली, म्हणजे अक्षरांची माळ, लांब असते आणि डीएनएसमधल्या मजकुराच्या एका तुकड्यात २५५ अक्षरेच मावतात. आमच्या डोमेनच्या पॅनेलने किल्लीचा उरलेला भाग कसलीही सूचना न देता कापून टाकला. स्क्रीनवर नोंद दिसत होती, पण सील जुळत नव्हते. दोन्हीकडची अक्षरे मोजून पाहिल्यावर उलगडा झाला, आणि किल्ली अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून घातल्यावर प्रश्न मिटला. या तिन्हींपैकी मला डीकेआयएम सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्याला कारण आहे. आमच्या एका ग्राहकाचा जुना पत्ता त्यांच्या दुसऱ्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड होतो. तसे झाले की पत्र आणणारा टेम्पो बदलतो आणि एसपीएफ नापास होते. मजकुराला मात्र हात लागलेला नसेल तर सील तसेच राहते आणि पत्र आमचेच असल्याचे सिद्ध होते.

डीमार्क लावताना मी घाई केली नाही. पहिले दोन महिने फक्त निरीक्षण, म्हणजे काहीही अडवू नये, अशी सूचना ठेवली आणि घेणाऱ्या सर्व्हरांकडून येणारे अहवाल वाचत गेलो. हे अहवाल एक्सएमएल फाइलींच्या रूपात येतात आणि वाचायला किचकट असतात, परंतु आमच्या नावाने कोठून काय जाते, हे मला पहिल्यांदा त्यांच्यातूनच कळले. बिलिंगचे सॉफ्टवेअर आमच्या अकाउंटंट ताईंच्या नावाने बिले पाठवत होते, पण पाकिटावरचे, म्हणजे सर्व्हरला दिसणारे, डोमेन त्या सॉफ्टवेअरवाल्यांचे होते आणि लेटरहेड, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारा पाठवणाऱ्याचा पत्ता, आमचे. दोन्ही डोमेने जुळत नसतील, तर एसपीएफ पास झाले तरी डीमार्क ते मानत नाही. आम्ही त्या सॉफ्टवेअरसाठी आमच्याच डोमेनची वेगळी डीकेआयएम किल्ली बसवली. ऑफिसातला स्कॅनरही आमच्या नावाने थेट ईमेल पाठवत होता. त्याला मेल सेवेच्या खात्यातून पाठवायला लावले. या सर्वांखेरीज अहवालात काही परदेशी आयपी पत्ते होते, ज्यांच्याशी आमचा कसलाही संबंध नव्हता. कोणीतरी आमच्या कारखान्याचे नाव लावून पत्रे पाठवत होते. बँक खाते बदलल्याची खोटी सूचना अशाच पत्रांतून जाते, हे ठाऊक असल्याने त्या रात्री मला झोप लागली नाही. आपली सर्व पत्रे पास होत आहेत याची खात्री करून आम्ही सूचना आधी बाजूला ठेवण्याची आणि मग नाकारण्याची केली.

याच सुमारास वेबसाइटवरच्या एन्क्वायरी फॉर्मचा दोषही सापडला. फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता तो पाठवणाऱ्याच्या जागी घालत असे, म्हणजे तो त्या माणसाच्या नावाचे बनावट पत्र तयार करत असे, आणि आमच्याकडे येणाऱ्या एन्क्वायऱ्या आमच्याच स्पॅममध्ये पडत. पाठवणारा म्हणून आमचा पत्ता आणि उत्तराच्या जागी त्यांचा पत्ता, एवढा बदल पुरेसा ठरला.

नोंदी नीट असल्या म्हणजे काम संपते, असे मात्र नाही. एका दिवाळीला आम्ही वर्षानुवर्षे प्रदर्शनांत जमवलेल्या कार्डांवरच्या ६४० पत्त्यांवर एकाच दिवशी शुभेच्छा पाठवल्या. बरेच पत्ते बंद झालेले होते, काहींना आम्ही आठवत नव्हतो, आणि त्यांनी ते पत्र स्पॅम म्हणून कळवले असणार. कारण पुढे जवळजवळ तीन आठवडे आमची कोटेशने पुन्हा स्पॅममध्ये जाऊ लागली. गूगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेले आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलेले नियम वाचताना मला ती दिवाळी आठवली. जीमेलवर दिवसाला ५००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी आणि जाहिरातीच्या पत्रांत एका क्लिकवर यादीतून नाव काढण्याची सोय बंधनकारक झाली, आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणे आवश्यक ठरले. आमच्यासारख्या लहान पाठवणाऱ्यालाही किमान एसपीएफ किंवा डीकेआयएम हवेच. ६४० पत्रांत तीन तक्रारी आल्या तरी प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या जवळ जाते. आता शुभेच्छा आम्ही फोनवर देतो, आणि दरपत्रकातले बदल, ज्यांनी मागितले त्यांनाच, एका वेगळ्या उपडोमेनवरून, म्हणजे आमच्याच डोमेनच्या वेगळ्या शाखेवरून, कळवतो.

कोटेशन लिहिण्याची पद्धतही बदलली. पूर्वी विषयात नुसते 'कोटेशन' लिहून रिकाम्या ईमेलला पीडीएफ जोडली जाई. आता एन्क्वायरीचा क्रमांक, पार्टचे नाव आणि डिलिव्हरीची मुदत मजकुरात लिहिली जाते, पासवर्ड घातलेली झिप पाठवली जात नाही, आणि नव्या ग्राहकाला पाठवल्यावर अर्ध्या तासात फोन केला जातो.

हे सगळे एका वहीत लिहून ठेवले आहे: डीएनएसमधली प्रत्येक ओळ, ती कोणत्या सेवेसाठी आहे, कोणी आणि कधी बदलली, आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख. डोमेन पूर्वी वेबसाइटवाल्याच्या खात्यात होते. ते कारखान्याच्या नावावर करून घ्यायला चार महिने लागले. ही वही वडिलांच्या दरांच्या वहीशेजारी कपाटात असते. गेल्या महिन्यात मुलीने नवी कोटेशन प्रणाली जोडण्यापूर्वी वही उघडली, एसपीएफच्या ओळीत किती शोध शिल्लक आहेत ते मोजले, बंद केलेल्या जुन्या होस्टिंगचे नाव त्या ओळीतून काढले, आणि खाली तारीख घालून सही केली.