पर्ल ॲप्लिकेशन्सची राखण करताना: आमची वाटचाल

पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली वेब ॲप्लिकेशन्स सुरक्षित करणे आणि सर्व्हरवर नीट चालती ठेवणे हा आमच्या छोट्या फर्मचा व्यवसाय आहे. नवे काम आम्ही घेतोच, परंतु बहुतेक ग्राहक वर्षानुवर्षे चालत आलेली एखादी प्रणाली घेऊन येतात. तिच्यावर त्यांची बिले, साठ्याच्या नोंदी आणि कर्मचाऱ्यांचे पगार अवलंबून असतात आणि ती नव्याने लिहून काढा असे सांगणारे सल्लागार आधीच भेटून गेलेले असतात. चालती प्रणाली मोडीत काढण्यापेक्षा तिचा पाया पक्का करणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते, असे आमचे पहिल्यापासूनचे मत आहे.

सुरुवातीची कामे सीजीआयची, म्हणजे वेब सर्व्हरने बाहेरचा प्रोग्रॅम चालवून उत्तर मिळवण्याच्या जुन्या पद्धतीची होती. प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस सुरू होत असे आणि सगळी मॉड्यूल्स (कोडचे तयार भाग) पुन्हा लोड होत असत. 2005 मध्ये कॅटॅलिस्ट हे वेब ॲप्लिकेशनचा सांगाडा पुरवणारे फ्रेमवर्क आले, पुढे डान्सर व मोजोलिशियस ही तशीच फ्रेमवर्क आली आणि कोडला शिस्त लागली. पण आमच्या दृष्टीने खरा बदल घडवला तो 2009 मध्ये तात्सुहिको मियागावा यांनी मांडलेल्या पीएसजीआय या संकेताने आणि तो वापरण्याच्या प्लॅक या साधनसंचाने. ॲप्लिकेशन आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसे बोलायचे हे ठरून गेल्यामुळे तेच ॲप्लिकेशन स्टारमन या सर्व्हरखाली किंवा फास्टसीजीआय या पद्धतीखाली कोड न बदलता चालवता येऊ लागले. डिप्लॉयमेंट, म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हरवर बसवून चालू करणे, ही आमची स्वतंत्र सेवा झाली ती त्यानंतर.

2014 या वर्षाने आमच्या कामाची दिशा पक्की केली. सप्टेंबरमध्ये बॅश या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधील शेलशॉक हा दोष उघड झाला. सीजीआय पद्धतीत विनंतीचे हेडर (तिच्यासोबत येणारी माहिती) प्रोसेसच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे तिने चालवलेल्या प्रोग्रॅमनाही मिळणाऱ्या मूल्यांत, भरले जातात, त्यामुळे प्रोग्रॅमने मध्येच बॅश चालवले तर हेडरमध्ये दडवलेली आज्ञा सर्व्हरवर चालू शकत असे. पीएसजीआयमध्ये हेच हेडर एका साध्या हॅशमध्ये (की आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या संचात) राहतात आणि प्रोसेसच्या एन्व्हायर्न्मेंटपर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. सीजीआयमधून बाहेर पडण्याचा आग्रह आम्ही तोवर वेगासाठी धरत होतो. तेव्हापासून तो सुरक्षिततेसाठी धरू लागलो.

त्याच सुमारास बगझिला या पर्लमध्ये लिहिलेल्या, सॉफ्टवेअरमधील दोष नोंदवण्याच्या प्रणालीत सापडलेला दोष आम्ही आजही प्रत्येक नव्या सहकाऱ्याला समजावून सांगतो, कारण पर्लचा स्वभाव त्यातून नेमका कळतो. समजा, नवे खाते तयार करताना कोड एक हॅश बांधतो: भूमिका ही की, तिच्यापुढे ‘सदस्य’, नाव ही की, तिच्यापुढे फॉर्ममधून आलेले नाव. फॉर्ममधील नाव वाचणारी मेथड लिस्ट कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे यादी चालेल अशा जागी, वापरली गेली, तर त्या नावाची जितकी मूल्ये आली असतील तितकी सगळी परत करते. हल्लेखोर नावाचे फील्ड तीनदा पाठवतो: पहिले कोणतेही नाव, दुसरे ‘भूमिका’, तिसरे ‘प्रशासक’. हॅशमध्ये ही यादी सपाट होते, ‘भूमिका’ आणि ‘प्रशासक’ यांची नवी जोडी तयार होते आणि आधी लिहिलेला ‘सदस्य’ पुसला जातो. डेटाबेससाठी प्लेसहोल्डर (मूल्ये आज्ञेपासून वेगळी पाठवण्याची सोय) काटेकोरपणे वापरले असले, बाहेरून आलेल्या मूल्यांना संशयित मानणारा पर्लचा टेंट मोड चालू असला, तरी हे थांबत नाही, कारण यात एकही घातक अक्षर नसते. मोजोलिशियसने नंतर आपल्या तशाच मेथडला एकच मूल्य परत करायला लावले आणि अनेक मूल्यांसाठी वेगळी मेथड दिली. सीजीआयसाठीचे पर्लचे मॉड्यूल अशा वापराबद्दल इशारा देऊ लागले आणि 2015 मध्ये पर्ल 5.22 सोबत ते मूळ वितरणातूनच गेले. कोणतेही जुने ॲप्लिकेशन हाती आले की आमची तपासणी याच जागांपासून सुरू होते. दुसरा क्रमांक टेम्प्लेटचा लागतो, कारण पाने तयार करणाऱ्या टेम्प्लेट टूलकिटमध्ये एचटीएमएल एस्केप करण्याचा, म्हणजे मजकुरातील खास चिन्हे निरुपद्रवी करण्याचा, फिल्टर आठवणीने लावावा लागतो.

मोजोलिशियसच्या सेशनबाबत, म्हणजे लॉगिन केलेल्या वापरकर्त्याची ओळख टिकवण्याबाबत, ग्राहकांचा हमखास गैरसमज असतो. नेहमीच्या मांडणीत त्याची कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली नोंद) सही केलेली असते, एन्क्रिप्ट केलेली नसते. वापरकर्त्याला ती बदलता येत नाही, पण वाचता मात्र येते. म्हणून खात्याच्या क्रमांकापलीकडे तीत काही ठेवू नये. सहीची गुप्त की स्वतः ठरवून दिली नाही, तर जुन्या आवृत्त्या ॲप्लिकेशनच्या नावावरूनच ती घेत असत, आणि असे नाव ओळखायला कितीसा वेळ लागतो? या कींची यादी देता येते: पहिलीने सही होते, उरलेल्या जुन्या कुकी पडताळण्यापुरत्या राहतात. त्यामुळे कोणालाही लॉगआउट न करता की बदलता येते आणि आमच्या देखभालीच्या करारात हे काम ठरलेले असते.

सर्व्हरवरची आमची मांडणी आता बरीचशी ठरून गेली आहे. सिस्टिमच्या पर्लला हात न लावता ॲप्लिकेशनसाठी वेगळे पर्ल, कार्टन या साधनाने गोठवलेल्या मॉड्यूल्सच्या आवृत्त्या, सेवा सुरू ठेवणाऱ्या सिस्टिमडीखाली मर्यादित अधिकारांचा युजर, पुढे विनंत्या आधी घेऊन आत पाठवणारा (प्रॉक्सी) एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि त्याच्याकडे टीएलएस, म्हणजे संपर्काचे एन्क्रिप्शन. मोजोलिशियसचा हिप्नोटोड सर्व्हर चालू विनंत्या न तोडता नवा कोड उभा करतो आणि तो उभा राहिला नाही तर जुनाच कोड काम करत राहतो. मात्र थोडा काळ दोन्ही कोड एकाच डेटाबेसवर चालतात, म्हणून नवा कॉलम आधी जोडायचा आणि जुना पुढच्या खेपेला काढायचा, हा नियम आम्ही घाईच्या वेळीही सोडत नाही. आणखी एक गोष्ट आम्ही स्वतः तपासल्याशिवाय काम पूर्ण झाले असे म्हणत नाही. प्रॉक्सीने पाठवलेल्या आयपी पत्त्यावर विश्वास ठेवण्याची सेटिंग चालू असेल, तर ॲप्लिकेशनचा पोर्ट फक्त सर्व्हरच्या आतूनच पोहोचता येईल असा असला पाहिजे. तो बाहेरून उघडा राहिला, तर कोणीही हवा तो पत्ता सांगून आयपीवर आधारलेले निर्बंध ओलांडू शकतो.

सध्या आमच्याकडे जुन्या आवृत्त्यांवर अडकलेल्या ॲप्लिकेशन्सचे काम अधिक आहे. 2017 मध्ये आलेल्या 5.26 पासून पर्ल चालू डिरेक्टरीत मॉड्यूल शोधत नाही, कारण कोणालाही लिहिता येणाऱ्या डिरेक्टरीत ठेवलेली बनावट फाइल त्यामुळे लोड होऊ शकत होती. जुने वर्तन परत आणणारे एक व्हेरिएबल आहे आणि ते लावले की जुना कोड लगेच चालू लागतो. आम्ही ते प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर) लावत नाही; प्रत्येक मॉड्यूलचा मार्ग कोडमध्ये नीट लिहून देतो आणि त्याला लागणारा वेळ कामाच्या अंदाजपत्रकात ग्राहकाला आधीच दाखवतो.