छतामागचं छत

दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलेल्या, पॅरिसच्या मारे भागातल्या त्या घराचा पत्ता देणार नाही. तशी घरं तिथे बरीच आहेत. रस्त्याला उंच भिंत, घोडागाडी शिरेल एवढा दरवाजा, आत चौक, चौकापलीकडे राहतं घर आणि मागे बाग. सतराव्या शतकात उमरावांनी बांधलेली. पुढे ते नदीपलीकडे सां-जर्मांला गेले आणि कालांतराने चौकात कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. जुन्या वस्त्या जपण्यासाठीच्या १९६२च्या मालरो कायद्याने हा भाग वाचवला, शेड पाडल्या. त्यांच्याबरोबर कारागीरही हलले, याची हळहळ मला आजही वाटते.

दिवाणखान्याच्या छतात पाणी मुरलं होतं. कागदोपत्री ती खोली अठराव्या शतकातली: सपाट गिलावा, कडेने नाजूक कारनीस, म्हणजे भिंत छताला मिळते तिथली नक्षीदार पट्टी. सुटलेला गिलावा उतरवताना मिस्त्रीने हात थांबवला आणि मला शिडीवर बोलावलं. ओकच्या पट्ट्यांमागे आपल्या वाड्यांत असतो तसा कडीपाट होता, आणि कडी न् कडी रंगवलेली! निळ्या जमिनीवर लाल फुलांची वेल. एका फुलाच्या बरोबर मधोमध खिळा.

उघड्या कड्यांची फॅशन गेल्यावर गवंड्यांनी पट्ट्या थेट चित्रांवर ठोकल्या होत्या. गिलावा धरावा म्हणून मुख्य तुळईला कुऱ्हाडीचे टोचेही मारले होते. पण त्याच गिलाव्याने पुढची दोन-अडीचशे वर्षं मेणबत्त्यांची काजळी अडवली, म्हणून ती निळाई टिकली. रंग सरसात कालवलेले. ओला बोळा फिरवला की संपलं. मऊ कोरड्या ब्रशने टिचभर टिचभर पुढे सरकायचं.

घराच्या इतिहासाच्या जाडजूड अहवालात या छताची एक ओळ नव्हती. तो नोटरींच्या जुन्या दस्तांवरून लिहिलेला. मालक वारला की नोटरी खोलीखोलीतली यादी करायचा; पलंग, आरसे, गालिचे सगळं त्यात येतं. छत उचलून नेता येत नाही, म्हणून यादीत नाही. फळी न उचलता घराचा इतिहास लिहू नये, हे माझं ठाम मत आहे.

मालकांना सगळा गिलावा लगेच उतरवून हवा होता. पॅरिसमध्ये उघड्या तुळयांना भाव आहे. मी विरोध केला. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं मांडणारा १९६४चा व्हेनिसचा जाहीरनामा सांगतो की वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली भर जपायची. वरचा थर काढायचा तो अपवाद म्हणूनच. आणि ती कारनीस एखाद्या सामान्य हाताची नव्हती. सरकारी वास्तुविशारदही माझ्या बाजूने उभे राहिले. पाण्याने खराब झालेल्या कोपऱ्यातली चित्रं पक्की केली, फोटो आणि मापं घेतली, आणि तसाच ओकच्या पट्ट्यांवरचा जिप्समचा गिलावा पुन्हा चढवला. पाहणीसाठी एक झडप ठेवली आहे.

मिस्त्री नाराज होता. एवढं काम लोकांनी कधी बघायचंच नाही का, हा त्याचा प्रश्न, आणि तो मला अजून सोडत नाही. शेजारच्या खोलीचं छत धडधाकट आहे. तिथेही भोक पाडून बघू, असं मालकांचं पत्र आलंय. मी नकार कळवला, पण त्या भिंतीजवळून जाताना मान वर होतेच.