काटोलह्वार नावाचं गाव

कळमन्याजवळ आमच्या मामाजींचा वजनकाटा आहे. मे महिन्यात तिथला जुना कॉम्प्युटर बसला. डिस्क वाचली, पण सॉफ्टवेअर सुरू होईना, आणि ते लिहून देणाऱ्या माणसाचा पत्ता नाही. "तू कॉम्प्युटरवालाच आहेस ना बा? काढून दे मले हिशेब," मामाजी म्हणाले.

हाती आली एक बायनरी फाइल, म्हणजे साध्या मजकुराची नाही, कच्च्या बाइट्सची. मी तेव्हा रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होतो, म्हणून रस्टमध्येच करायला घेतलं. (पायथनमध्ये लवकर झालं असतं, कबूल.) आधी एक्सएक्सडी या बाइट्स दाखवणाऱ्या टूलनं फाइल उघडली. ओळीची रुंदी बदलत बदलत ३० बाइट्सवर आणली तशी सगळी गावं एकाखाली एक उभी राहिली. म्हणजे एक नोंद ३० बाइट्सची: गाडी नंबर १२, गाव १०, वजन ४, तारीख ४. वजन आणि तारीख लिटल-एंडियन (सगळ्यांत लहान किमतीचा बाइट आधी) आकडे होते, ते लगेच निघाले. अडलं ते गावाच्या नावाशी.

नावं इंग्रजी अक्षरांत होती. जुना प्रोग्रॅम सी भाषेतला, आणि सीमध्ये स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, कुठं संपते ते शेवटचा शून्य बाइट सांगतो. रस्टच्या स्ट्रिंगसोबत तिची लांबी असते, त्यामुळे तिच्या लेखी शून्य हे इतरांसारखंच एक कॅरेक्टर. मी दहाच्या दहा बाइट्स फ्रॉम-यूटीएफ-एट या, बाइट्स तपासून त्यांची स्ट्रिंग करणाऱ्या फंक्शनला दिले, त्यानं विनातक्रार घेतले. गावनिहाय बेरीज केली तर काटोल यादीत दोन वेगवेगळ्या रूपांत. कडेच्या मोकळ्या जागा काढणारं ट्रिम लावून पाहिलं, फरक नाही. शून्य बाइट व्हाइटस्पेसमध्ये मोडतच नाही. मग शेवटची शून्यं छाटली. एक काटोल ठीक झालं, दुसरं स्क्रीनवर तसंच राहिलं, ‘काटोलह्वार’.

"हे कोणतं गाव काढलं बे? इतक्या वर्षांत कधी आयकलं नाही," मामाजी म्हणाले.

पुन्हा एक्सएक्सडीत बाइट्स पाहिले. काटोलची पाच अक्षरं, मग शून्य, मग एच, डब्ल्यू, ए, आर. आधीची गाडी कळमेश्वरची होती. त्या नावाची इंग्रजीत दहा अक्षरं. जुना प्रोग्रॅम तोच बफर (नाव ठेवायची तात्पुरती जागा) न पुसता परत वापरत होता. काटोल आणि त्याचं शून्य मिळून पहिले सहा बाइट्स बदलले, कळमेश्वरचं शेपूट तसंच राहिलं. मधलं शून्य स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून दोन्ही चिकटून एक गाव झालं.

म्हणजे शेवटून छाटून उपयोग नाही, पहिल्या शून्याशी थांबायला हवं. त्यासाठी रस्टच्या सी-स्टरमध्ये (सीच्या स्ट्रिंगसाठीचा प्रकार) दोन फंक्शनं आहेत. फ्रॉम-बाइट्स-विथ-नलला शून्य अगदी शेवटीच आणि एकच लागतं, त्यानं एरर दिली. फ्रॉम-बाइट्स-अनटिल-नल पहिल्या शून्याशी थांबतं. ते २०२३मध्ये १.६९ आवृत्तीत आलं. मी आळशीपणा केला आणि त्याला गावाच्या पहिल्या बाइटपासून फाइलच्या शेवटापर्यंतचा अख्खा स्लाइस, म्हणजे बाइट्सचा तुकडा, दिला. शून्य लागेल तिथं थांबेलच की! काटोल बरोबर आलं. कळमेश्वर मात्र आलं ‘कळमेश्वर!’ असं, उद्गारचिन्हासकट.

तासभर त्या चिन्हाकडे बघत बसलो. मग ट्यूब पेटली. दहा अक्षरांनी दहाही बाइट्स भरले. बहुधा सीच्या स्ट्रकॉपी या स्ट्रिंग उतरवणाऱ्या फंक्शननं अकरावा, शून्याचा बाइट वजनाच्या जागेत टाकला आणि नंतर त्यावर वजन लिहिलं गेलं. त्या जागी आता २ आणि ३३ होते. २ हे न दिसणारं कॅरेक्टर, ३३ म्हणजे उद्गारचिन्ह, पुढं वजनाचीच दोन शून्यं. ३३ गुणिले २५६ अधिक २: ८,४५० किलो. मी गाडीचं वजन गावाच्या नावात वाचत होतो.

स्लाइस दहा बाइट्सचाच दिला असता, तर तेच फंक्शन शून्य सापडलं नाही म्हणून एरर देऊन मोकळं झालं असतं, आणि ते बरंच झालं असतं. शेवटी सी-स्टर सोडलं. दहा बाइट्स शून्यावर तोडायचे, पहिला तुकडा घ्यायचा. शून्य नसेलच तर पहिला तुकडा म्हणजे पूर्ण दहा. यूटीएफ-एटची तपासणी त्यानंतर, म्हणजे शेपटात कधी वेडावाकडा कचरा असला तरी ती अडणार नाही. तीन ओळींचं काम, त्याला दोन रात्री.

मामाजींनी पावत्यांचा गठ्ठा काढून कळमेश्वरची ती गाडी शोधली. पावतीवरही ८,४५०. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ह्याचे काट्याचे पैसे राहिले आहेत अजून."