कास–बामणोली रस्त्यावर परजीवी माश्यांच्या शोधात

सप्टेंबरच्या अखेरीस कासला जाणारे बहुतेक जण फुले पाहायला जातात. आम्ही त्या फुलांवर उतरणाऱ्या माश्या पाहायला गेलो होतो. टॅकिनिड आणि कोनोपिड या दोन कुळांतील माश्यांच्या अळ्या दुसऱ्या कीटकांच्या शरीरात वाढतात आणि सहसा त्या यजमानाचा जीव घेऊनच बाहेर पडतात. प्रौढ माश्या मात्र मकरंदावर जगतात, त्यामुळे सोनकी आणि पंद यांसारखी उघडी, उथळ फुले बहरात असताना त्या हमखास भेटतात.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणारा रस्ता सुमारे 25 किलोमीटरचा आहे. पश्चिम घाटाचा भाग म्हणून 2012 साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या पठारावर हंगामात प्रवेशासाठी आधी नोंदणी करावी लागते, आणि शनिवार-रविवारी तिथे माणसांचीच एवढी दाटी असते की माशी टिपणे जवळपास अशक्य होते. आम्हाला खरे यश मिळाले ते पठारापुढे, बामणोलीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेच्या झुडपांत. पहाटे लवकर पोहोचण्याची घाई करू नये. धुके विरून ऊन पडेपर्यंत माश्या हलत नाहीत. ऊन पडल्यावर प्रथम त्या पानांवर अंग शेकत बसतात, आणि जवळून छायाचित्र घेण्याची उत्तम वेळ तीच.

पंदाच्या पांढऱ्या झुबक्यावर एक करडी, राठ केसांची माशी बराच वेळ फिरत होती. पाठीवरून पाहता ती मांसमाशीसारखीच दिसे: वक्षावर काळे पट्टे, उदरावर चौकटीची नक्षी. फरक कळला तो बाजूने पाहिल्यावर. वक्षाच्या मागच्या टोकाला जी छोटी ढाल असते, तिच्या खाली टॅकिनिड माशीला आणखी एक स्पष्ट फुगवटा असतो, आणि मांसमाशीत तो तसा दिसत नाही. पाठीवरून घेतलेले सुबक छायाचित्र भिंतीवर लावण्यास चांगले, पण ओळखीसाठी ते बहुधा निकामी ठरते. म्हणून माशी दिसताच दुरून एक नोंदीपुरते छायाचित्र घ्यावे, मग अगदी बाजूने, मग किंचित मागून तिरके, त्यानंतर समोरून चेहरा व स्पर्शिका, आणि जमल्यास उजेडाकडे धरल्यासारखा पंख, म्हणजे शिरांची वळणे वाचता येतात.

कोनोपिडने अधिक दमवले. सोनकीवर बसलेली तांबूस, बारीक कमरेची आकृती आमच्या सोबत्यांनी कुंभारमाशी म्हणून सोडून दिली होती. परंतु तिला पंखांची एकच जोडी होती, डोके शरीराच्या मानाने मोठे होते आणि लांब सोंड पुढे काढलेली होती. या कुळातील अनेक जातींच्या माद्या उडत्या मधमाशीवर किंवा गांधीलमाशीवर झडप घालून तिच्या उदराच्या वलयांमध्ये अंडे खुपसतात. तो प्रसंग आमच्या नशिबी नव्हता. बाजूच्या छायाचित्रात मागच्या पायाची मांडी बुडाशी वेडीवाकडी फुगलेली स्पष्ट आली, त्यामुळे फायसोसेफाला या प्रजातीपर्यंत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, genus) पोहोचता आले. तो पाय फुलाआड लपला असता तर कुळावरच थांबावे लागले असते.

आणि थांबण्यात कमीपणा नाही, हे मुद्दाम सांगतो. जगात टॅकिनिडच्या 8,500 हून अधिक जातींची नोंद आहे, आणि त्यांतील कित्येक जाती नराच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. एका छायाचित्रावरून जातीचे नाव ठामपणे सांगणाऱ्यापेक्षा ‘टॅकिनिड, प्रजाती अनिश्चित’ असे लिहिणाऱ्यावर माझा अधिक विश्वास बसतो. ‘दुर्मीळ’ हे विशेषणही जपून वापरावे, कारण ज्या माश्यांकडे कोणी पाहतच नाही त्यांच्या नोंदी विरळ असणारच.

यजमान कळला तर ओळख कितीतरी सोपी होते. रेशीम उत्पादकांना उझी माशी (रेशीमअळीवर वाढणारी टॅकिनिड) ओळखता येते ती मुख्यतः तिच्यामुळे रेशीमअळीच्या अंगावर पडणाऱ्या काळ्या डागावरून. जंगलातून अळ्या किंवा माश्या उचलण्यास वनखात्याची परवानगी लागते. घरच्या कढीपत्त्यावरील वा लिंबावरील अळ्या मात्र जाळीच्या डब्यात वाढवून पाहाव्यात. फुलपाखराऐवजी माशी बाहेर आली, तर तिच्यासोबत रिकामा कोषही जपून ठेवावा.

साहित्यात 90 किंवा 100 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स पुरेशी आहे, कारण तिने माशीपासून थोडे अंतर राखता येते. फ्लॅशवर डिफ्यूझर (प्रकाश सौम्य करणारा पडदा) हवाच, नाहीतर चकाकीत राठ केस बुडून जातात. माशी उडून गेल्यावर त्याच फुलाची रुंदी पट्टीने मोजून लिहून ठेवावी, म्हणजे माशीचा आकार नंतर काढता येतो. त्यासाठी फूल तोडू नये आणि फुलांच्या ताटव्यात पायही टाकू नये. वनस्पती, वेळ आणि ठिकाण जागेवरच नोंदवावे व मूळ, न कापलेली छायाचित्रे जपावीत. पिशवीत कोरडे फडके आणि सिलिका जेल असू द्यावे, कारण दुपारनंतर धुके परत उतरते. बामणोलीहून साताऱ्याला परतणाऱ्या एसटीची वेळ सकाळीच वाहकाला विचारून घ्यावी.