आईची किडनी, लेकराचं रक्त आणि टक्क्यांचा हिशोब : आमचा अनुभव

अमेरिकेत किडनी बदललेल्या मुलांसाठी बरीच सेंटर आता क्रिएटिनिनच्या (किडनी जो कचरा रक्तातून गाळते, त्याच्या तपासणीच्या) जोडीला डोनर-डीएनएची रक्ततपासणी सांगतात. अ‍ॅलोशुअर आणि प्रॉस्पेरा ही या तपासण्यांची नेहमी कानावर पडणारी नावं. बसवलेल्या किडनीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. रक्तातल्या एकूण सुट्या डीएनएपैकी डोनरचा किती टक्के, एवढंच या तपासणीत कळतं. हे तुकडे तास-दोन तासांत निम्मे होतात, त्यामुळे आकडा ताजा असतो.

मुलांच्या बाबतीत क्रिएटिनिनवर विसंबून चालत नाही. 110 सेंमी उंचीच्या मुलाचं क्रिएटिनिन 0.5 असेल, तर श्वार्ट्झच्या सूत्राने (0.413 गुणिले उंची, भागिले क्रिएटिनिन) जीएफआर, म्हणजे किडनीचा रक्त गाळण्याचा वेग, 91 येतो. तेच 0.7 झालं की 65. रिपोर्टवर मात्र दोन्ही आकडे नॉर्मलमध्येच दिसू शकतात! शिवाय मोठ्या माणसाची किडनी लहान अंगात असली की तिची ऐपत जास्त असते आणि नुकसान बराच काळ झाकलेलं राहतं.

खरी काळजी रक्त काढतानाच घ्यावी लागते. साधारण 10 मिलीच्या दोन ट्यूब लागतात. 12 किलोच्या मुलात सगळं मिळून रक्त जेमतेम 900 मिली, म्हणजे हे 20 मिली दोन टक्क्यांहून थोडं जास्तच. म्हणून त्याच दिवशी बाकी काय काय काढायचं आहे ते आम्ही आधीच विचारून घेतो आणि लहान मुलासाठी किमान किती रक्त चालेल हेही लॅबलाच विचारतो. सुन्न करणारं क्रीम तासभर आधी लावायचं. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून द्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाचा सकाळचा डोस सोबत न्यायचा आणि रक्त काढून झाल्यावरच द्यायचा, नाहीतर त्याची रक्तातली लेव्हल मोजणं वाया जातं.

ट्यूब लॅबच्या किटमधलीच हवी. तिच्यात पांढऱ्या पेशी फुटू न देणारं रसायन असतं. साध्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं की पेशी फुटतात, मुलाचा स्वतःचा डीएनए त्यात मिसळतो आणि डोनरचा टक्का खोटा कमी दिसतो. ही चूक वाईट, कारण रिपोर्ट दिलासा देणारा येतो. भरलेली ट्यूब हळूच आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची, घुसळायची नाही. फ्रीजमध्ये ठेवायची नाही. जानेवारीच्या थंडीत कुरियरच्या बाहेरच्या पेटीत टाकायची नाही आणि उन्हाळ्यात गाडीतही विसरायची नाही.

आता हिशोब. हजार तुकड्यांत डोनरचे दहा, म्हणजे 1 टक्का. मुलाला ताप आला आणि त्याच्या स्वतःच्या पेशींमुळे एकूण तुकडे तीन हजार झाले, तर डोनरचे दहाच राहूनही रिपोर्ट 0.33 म्हणतो. किडनी सुधारली असं मुळीच नाही. म्हणून आजारपणात काढलेल्या आकड्यावर आम्ही हुरळून जात नाही. उलट पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील तर टक्का उगाच चढलेला दिसू शकतो. काही लॅब टक्क्यासोबत दर मिली रक्तामागे डोनरचा डीएनए किती, हेही देतात, ते जरूर मागा.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत आकडा चढलेलाच असतो, तो धरायचा नाही. बायोप्सीची (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याची) सुईही आकडा चढवते, तेव्हा रक्त आधी आणि बायोप्सी नंतर. अलीकडे रक्त चढवलं असेल तर ते लॅबला कळवायचं. फॉर्मवर डोनरचं नातं नीट लिहायचं, कारण आई-वडिलांचा निम्मा डीएनए मुलाशी जुळतो आणि वेगळे ओळखता येणारे बिंदू कमी मिळतात. डोनर एकसारखं दिसणारं जुळं भावंड असेल, तर ही तपासणी निरुपयोगी.

आकडा 1 टक्क्यापुढे गेला की काळजीचं, ही रेघ 2017 च्या मोठ्यांवरच्या अभ्यासातून रूढ झाली. मुलांसाठीही बहुतेक तीच धरतात, पण आमच्या मते मुलाचा स्वतःचा जुना आकडा जास्त बोलका. 0.3 चे 0.4 झाले तर ती नेहमीची हालचाल. 0.3 चे 0.5 झाले तर वाढ 67 टक्के, आणि 61 टक्क्यांपुढची वाढ नैसर्गिक चढ-उतारात बसत नाही असं मानतात. रेघेखाली असूनही अशा वेळी डॉक्टरांना फोन करावा.

आकडा चढला म्हणजे रिजेक्शनच (शरीराने किडनी नाकारणंच), असं नाही. किडनीला बाधणारा बीके व्हायरस किंवा किडनीपर्यंत पोचलेलं लघवीचं इन्फेक्शनही पेशी मारतं. त्यामुळे टॅक्रोलिमस लेव्हल, बीके व्हायरस शोधणारी पीसीआर तपासणी, लघवीचं कल्चर आणि डोनरविरुद्धच्या अँटिबॉडी, हे सगळं सोबत लागतं. अँटिबॉडीच्या रिजेक्शनमध्ये आकडा सहसा ठळक वाढतो. टी-पेशींचं (पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराचं) सौम्य रिजेक्शन मात्र त्यातून निसटू शकतं. आकडा कमी आणि क्रिएटिनिन चढतंय, तर बायोप्सी टाळू नका.

पहिल्या वर्षी साधारण 1, 2, 3, 4, 6, 9 आणि 12 व्या महिन्याला तपासणी होते, पुढे दर तीन महिन्यांनी. इन्शुरन्सची मंजुरी दर वेळी लेखी घ्यावी. आणि लॅब मध्येच बदलायची नाही, दोन वेगळ्या लॅबचे आकडे एकाच तक्त्यात मांडता येत नाहीत.